लोहामाईचं काळीज

“महाराज, पावसाळ्यात लोहामाईले जंग चढते का?”

मथुरानं एवढं विचारलं आणि खुर्सीपारच्या मैदानातल्या झांजा एकदम थांबल्या. हे भर गर्दीत विचारायची पैज वर्गातल्या कमलानं लावली होती, गुलाब साक्षीला होती, आणि मथुरा कचरली तर तिनं आठवडाभर दोघींची दप्तरं वाहायची असं ठरलं होतं. पण कचरेल ती मथुरा कसली? वय पंधरा. तिमाहीत सायन्समध्ये वर्गात पहिली आल्यापासून तिचा आवाज एक पट्टी वरच लागायचा.

भिलाईची पहिली भट्टी पेटून पुरती दोन वर्षं झाली नव्हती. रोज काही ना काही उभं राहत होतं. आज चिमणी, उद्या शेड, परवा क्वार्टरांची नवी रांग. त्याच धामधुमीत केवलराम महाराजांनी आपला देवही उभा करून घेतला. भट्टीचा पाया खणताना म्हणे जमिनीतली लोहामाई दुखावली, आणि महाराजांनी हातापाया पडून तिला एका सळईत बसवलं. देवस्थान म्हणजे विटांचा चौथरा, त्याला चिकटून तट्ट्याची झोपडी, आणि झोपडीच्या भिंतीतून हातभर बाहेर आलेली लोखंडी सळई. माईची ख्याती बहिऱ्यांसाठी. महाराज दोन्ही कानांत तेलाचे बोळे घालायचे, रोग्याला गुडघ्यावर बसवून सळई दातांत धरायला लावायचे आणि म्हणायचे, डोळे मिट, माईचं काळीज ऐक. थोड्या वेळानं रोगी रडत उठायचा. ऐकू आलं, मले ऐकू आलं. की झांजा, की जयजयकार, की नारळ.

ती सळई मथुरानं जवळून पाहिली होती. सकाळपासून शंभरेक माणसांनी चावलेली, लाळेनं ओली, वर शेंदराचा लगदा आणि त्यावर बसलेल्या माश्या. महाराज प्रत्येक रोग्यानंतर एका फडक्यानं सळई पुसायचे आणि तेच फडकं पुढच्याच्या कपाळाला लावायचे. लोक डोळे मिटून ते लावून घेत होते.

महाराजांनी मथुराला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसले. “भट्टीच्या लेकीले पाणी शिवत नाही, बेटी. जंग तं पाप्याच्या नजरेत असते. तुह्या बुद्धीचं प्रेशर वाढलं हाय, जरा वॉल्व खोल.”

लोक खदखदून हसले. सगळ्या माना मथुराकडे वळल्या. एकच मान वळली नाही. सळईशी गुडघ्यावर बसलेला माणूस तसाच बसून होता, कारण त्याच्या कानांत बोळे होते आणि त्याला यातलं काहीच कळलं नव्हतं. अंगात रेल्वेचा निळा सदरा, कमरेला खोचलेली लाल-हिरवी झेंडी. तो डोळे पुसत उठला, आणि मथुराच्या तोंडचं हसू जिथल्या तिथं राहिलं. ते तिचे बाबा होते.

घरी तिची माय गयाबाई स्वयंपाकाला बसली होती. मथुरानं चुलीसमोरून तिला उठूच दिलं नाही, तेव्हा गयाबाईनं पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं. महिना होत आला होता. एका सकाळी अलार्म वाजून वाजून थकला, तरी बाबा, म्हणजे पुंडलिकराव, उठले नाहीत. ते उजव्या कुशीवर झोपले होते. मायनं हलवून उठवलं तेव्हा कळलं की डावा कान गेला. रात्री झोपले तेव्हा होता, सकाळी नव्हता. त्या कानात फक्त सूं असा आवाज राहिला.

पुंडलिकराव यार्डात शंटिंगचं, म्हणजे डबे जोडण्या-सोडण्याचं काम करायचे. इंजिननं ढकललेला सुटा डबा रुळावरून आपोआप येतो, त्याला ना शिट्टी ना धूर. तो फक्त कानानं ओळखायचा असतो. गेल्या आठवड्यात असाच एक डबा डावीकडून त्यांना चाटून गेला. सोबत्यानं ओढलं म्हणून वाचले. आणि हे सगळं त्यांनी ऑफिसपासून लपवलं होतं, कारण रेल्वेच्या डॉक्टरासमोर उभं राहिलं की कागदावर अनफिट लिहून येणार. अनफिट झालेल्या गँगमनची नोकरी कशी गेली, ते त्यांनी पाहिलं होतं. महाराज मात्र कागद लिहीत नव्हते.

“मंग उपाय काय देल्ला त्यानं?” मथुरानं विचारलं.

मायनं बोटांवर मोजून उपाय सांगितले. रोज डाव्या कानात कोमट मध ओतायचा. दिवसातून तीनदा गुळाचा घट्ट काढा, एकवीस दिवस. दर मंगळवारी सळई.

आता तिला घरातल्या कितीतरी गोष्टी दिसू लागल्या, ज्या ती नुसत्याच पाहत आली होती. बाबांचा सदरा खांद्यावरून ओघळत होता. सुरईभर पाणी एका बैठकीत संपत होतं. जेवता जेवता ते दोनदा मोरीकडे जायचे. आणि ती मोरी. काळ्या मुंग्यांची रांग उंबरठ्यापासून मोरीच्या कोपऱ्यापर्यंत लागलेली असायची, आणि मायनं तिथं हळदकुंकू वाहिलं होतं. काळी मुंगी म्हणजे लक्ष्मी, असं तिच्या सासूनं शिकवलं होतं, आणि महाराजांनी त्याला जोड दिली होती की माई देहातली घाण बाहेर काढते आहे, मुंग्या तिचा निरोप घेऊन आल्या आहेत.

“मोरीत पूजा, माय? मोरीत?”

“तू नको शिकवू. दोन बुकं काय वाचली, देवाधर्मावर उठली पोट्टी.”

पुढच्या मंगळवारी शाळा सुटल्यावर मथुरा रांगेत उभी राहिली, आणि या वेळी पैज कुणीच लावली नव्हती. पुढं भागाबाई होती. जामुलच्या रस्त्यावर भाजी विकणारी म्हातारी, दोन्ही कानांनी बहिरी. ती पाचव्यांदा आली होती आणि ज्याच्या त्याच्याकडे पाहून हसत होती. तिच्यानंतर मथुराची पाळी. महाराजांनी ओळखलं नाही, किंवा ओळखून न ओळखल्यासारखं केलं. कानांत तेलकट बोळे गेले. ओठ मिटून घ्यावेसे वाटत होते, तरी तिनं तोंड उघडलं आणि सळई दातांत धरली. शेंदूर, थुंकी आणि लोखंड यांची चव जिभेवर आली.

आणि तिला ऐकू आलं.

टक टक टक टक. स्पष्ट, बारीक, एकसारखं. बाहेरचं जग बंद होतं आणि कवटीच्या आत कुणीतरी चालत होतं. ती उठली तेव्हा कमला आणि गुलाब तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. नळावर तिनं राखेनं तीनदा तोंड धुतलं, आणि शेवटी एवढंच म्हणाली, “आलं ऐकू.”

“झालं,” गुलाब म्हणाली. “गेली ही पन.”

पण मथुराच्या डोक्यात ती टकटक राहिली. काळीज म्हणतात तर इतकं घाईचं कसं? तिनं मनगट धरून आपली नाडी मोजली. माईचं काळीज तिच्यापेक्षा तिपटीनं धावत होतं. आणि ते तिला ओळखीचंही वाटत होतं, पुन्हा पुन्हा आठवत होतं, पण कुठं ऐकलं ते सापडत नव्हतं. तशीच ती घरात आली, दप्तर टाकलं, आणि तिची नजर फळीवर गेली. तिथं अलार्मचं घड्याळ होतं. ड्युटीवाल्यांच्या प्रत्येक घरात असतं तसं, पोटाचं गोल, डोक्यावर दोन घंट्या. ती जन्मापासून त्याच्या खाली झोपत आली होती.

तिनं चुलीजवळचं लोखंडी उलथनं उचललं. पातं घड्याळाच्या पाठीला दाबून धरलं, दांडा दातांत घेतला आणि दोन्ही कानांत बोटं घातली. टक टक टक टक. तीच माई, तेच काळीज, तीच घाई.

तिनं मायला ओढून आणलं. गयाबाईनं दांडा दातांत धरला, कान बंद केले, आणि तिचे डोळे मोठे झाले. दांडा सोडून तिनं आधी उलथन्याला हात जोडले.

“अवो बाई. माई आपल्या घरी आली.”

मथुरा डोकं धरून खाली बसली. चिडावं की हसावं ते तिला कळेना. ज्या बाईनं पंधरा वर्षं रोज या घड्याळाला चावी दिली, तिला त्याचा आवाज देवाचा वाटला. आवाज कानाऐवजी दातांतून आला, एवढंच निमित्त.

बाबा ड्युटीवरून आले तेव्हा मथुरानं काहीच समजावलं नाही. नुसतं उलथनं पुढं केलं. पुंडलिकरावांनी दात रोवले. दोन्ही कान हातांनी दाबले. मग सावकाश दांडा खाली ठेवला.

“कोनत्या कानानं ऐकलं, बाबा?”

“उजव्या.” ते पाटावर बसले. “डावा मेलेलाच हाय. तिथं पन डावा मेलेलाच होता. बोळे घालून डोक्यात वाजलं, तं मले वाटलं कान उघडला.” मग म्हणाले, “वीस वर्षं झाली, रुळाले कान लावून गाडी किती दूर हाय ते सांगतो मी. लोखंडातून आवाज येते, हे मले कोनी शिकवाले पाहिजे का? आन् मी त्या थुंकीच्या सळईपुढं रडून आलो.”

त्यांनी कानातला बोळा काढला. तो मधात भिजून काळा पडला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. त्यात दोन मुंग्या मेलेल्या होत्या. गयाबाईनं तोंड फिरवलं.

दुर्गला पांढरीपांडे नावाचे डॉक्टर होते. ते रेल्वेचे नव्हते, म्हणून बाबा तयार झाले. डॉक्टरांनी आधी चिमट्यानं कानातली घाण काढली आणि काढता काढता त्यांचं तोंड वाकडं होत गेलं. मग लोखंडाचा एक दुबोटी काटा गुडघ्यावर आपटून बाबांच्या कपाळावर टेकवला. कुठं वाजलं? उजवीकडं. डाव्या कानाजवळ धरला. काहीच नाही.

“आतली नस मंदावली आहे,” डॉक्टर म्हणाले. “तहान लागते का फार?”

माय काही बोलायच्या आत मथुरानं सगळं ओतलं. सुरई, सदरा, काढा, मध. आणि मोरीतल्या मुंग्या. मुंग्यांवर डॉक्टरांची मान वर झाली. त्यांनी बाबांना बाटली देऊन मागं पाठवलं. मग काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मथुरा टेबलावर ओणवी होऊन पाहत होती. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि पाहता पाहता नळीत विटेचा चुरा घोळल्यासारखं लाल झालं.

“साखर,” डॉक्टर म्हणाले. “तीही भरपूर. मधुमेह आहे यांना. मुंग्या शहाण्या निघाल्या, बाई. तुमच्या आधी महिनाभर त्यांनी निदान केलं, आणि तुम्ही त्यांना कुंकू लावत बसलात.”

गयाबाईचा हात कपाळाकडे गेला. “मंग तो गुळाचा काढा?”

“ते विष पाजलंत. आणखी महिनाभर चाललं असतं तर हे बेशुद्ध पडले असते आणि बहुधा उठले नसते.”

कानाचं मात्र त्यांनी छातीठोक सांगितलं नाही. म्हणाले, आतल्या कानाला रक्त पुरवणारी नळी केसासारखी बारीक असते. साखर रक्तात सतत वाढलेली राहिली की अशा बारीक नळ्या आधी खराब होतात. डोळ्यांतल्या, मूत्रपिंडातल्या, तशा कानातल्याही. मधुमेहाच्या माणसाचा कान असा एका रात्रीत जाऊ शकतो. यांचा त्यामुळंच गेला का, ते कान उघडून पाहता येत नाही. पण जुळतं सगळं. पहिल्या दोन-चार दिवसांत हे आले असते तर काही आशा धरता आली असती. आता कान आला परत तर नशीब. उजवा वाचवायचा असेल, डोळे वाचवायचे असतील, तर साखर ताब्यात ठेवायची. इन्सुलिनची सुई रोज, गूळ बंद.

“आणि यार्डात उद्या जाऊ नका,” ते शेवटी म्हणाले. “ऑफिसात स्वतः सांगा. सुटा डबा तुमची भीड ठेवणार नाही.”

बाबांनी सांगितलं. दोन दिवस वाट पाहण्यात गेले. तिसऱ्या दिवशी कागद आला. शंटिंगला अनफिट, दिवे-कंदिलांच्या खोलीत बदली. पगार घटला, पण माणूस घरी येणार होता.

मंगळवारी मथुरा पुन्हा खुर्सीपारला गेली. बाबा, कमला आणि गुलाब गर्दीत राहिले. आज महाराज स्वतः माईशी संवाद करणार होते. त्यांनी दात सळईवर रोवले, डोळे फिरवले, हात थरथरवले. माई काय सांगते, काय सांगते, म्हणून लोक पुढं सरकले. मथुरा झोपडीच्या मागं गेली. तिथं गोणपाट होतं, त्यावर ‘स्त्रियांस मनाई’ अशी पाटी. तिनं गोणपाट उचललं. आत बिडीचा आणि आंबलेल्या नारळांचा वास कोंडला होता. सळईचं दुसरं टोक एका खोक्यात शिरलं होतं. खोक्याला आतून चिंध्या ठासल्या होत्या, आणि चिंध्यांमध्ये सळईला तारेनं घट्ट आवळलेलं अलार्मचं घड्याळ होतं. फळीवरच्या त्यांच्या घड्याळाचं सख्खं भावंड. तिनं अलार्मचा काटा फिरवला.

घंट्या खणखणल्या. महाराज दातांत वीज शिरल्यासारखे उसळले आणि चौथऱ्यावरून खाली आले. मागं धावत आलेल्या गुलाबनं गोणपाट फाडून टाकलं, मथुरानं वाजतं घड्याळ तारेसकट उपटून चौथऱ्यापुढं आणलं आणि दोन्ही हातांनी वर धरलं. काही लोक हसले. काही जण म्हणाले, माई कोपली. दोघांनी आधी आपले नारळ उचलून घेतले. महाराज, “ही माईचीच लीला हाय,” म्हणत धोतर सावरत नाल्याकडे निघाले, आणि त्यांना अडवावं असं कुणाला सुचलं नाही. सळईवरच्या माश्या तेवढ्या पुन्हा येऊन बसल्या.

भागाबाई तिथंच उभी होती. मथुरानं खुणा करून, घड्याळ सळईला टेकवून, पुन्हा तिच्या दातांत देऊन दाखवलं. म्हातारीला समजलं. तिनं तोंड पुसलं.

“मंग माहा कान?”

मथुरानं घड्याळ सळईवरून काढून घेतलं.

रविवारी दुपारी कमला बातमी घेऊन आली. केवलराम महाराज जामुलला सिमेंटवाल्यांच्या वस्तीत उतरले आहेत. आता सळई नाही, नळाचा पाइप आहे. माईचं नाव सिमेंटमाई. गुळाचा काढा तोच.

बाबा ताटावर होते. ज्वारीची भाकर, मेथी, आणि शेजारी उकळून ठेवलेली सुई. “झालं ते झालं,” ते म्हणाले. “आपन वाचलो, बस. आपल्या घरची बोंब आता जामुलपर्यंत कायले न्यायची?”

“आन् पोरीच्या जातीनं,” गयाबाई म्हणाली, “बाबाबुवाच्या मागं लागू नये. उद्या तुह्या लग्नात लोक हेच काढतीन.”

मथुरा त्यांच्यासमोर बसली. बाबांच्या उजव्या बाजूला, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून. “बाबा, भागाबाईच्या घरी कोनी घड्याळ ठेवत नाही. तिले कोन सांगनार होतं? तुमाले मी सांगतलं म्हनून तुमी डॉक्टरकडं गेले. जामुलात तुमच्यासारखे किती असतीन, कान गेला म्हनून लपवून बसलेले, आन् तो त्याईले गूळ पाजून राहिला. कान गेला तं त्याच दिवशी दवाखान्यात जा. तहान लागते, मुंग्या येतात, तं लघवी तपासा. नवल दिसलं तं हात जोडायच्या आधी मागं जाऊन पाहा, काय बांधलं हाय ते. एवढंच सांगायचं हाय मले.”

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

“लाजायचं त्या केवलरामानं. आपन कायले लाजायचं?” मथुरा उठली. “मी मंगळवारी जामुलले जाऊन राहिली. भागाबाईले घेऊन तिच्यासोबत दुर्गच्या डॉक्टरकडं पन जाईन. तुमी येत असान तं या. नाही आले, तरी मी जानारच.”